भिंत एक, हात चाळीस
शिरूर-दौंडच्या शाळांतील चित्रकलेच्या तासाला सामूहिक भित्तिचित्राची जोड मिळाली तर...

दौंड जंक्शनवर गाडीत बसायचे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचे, हा दौंड परिसरातील व्यापारी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. कोणी मूळजी जेठा मार्केटमध्ये कापड बघायला जातो, कोणी झवेरी बाजारात, कोणी मशिदबंदरला. घाईत असलेल्या माणसाची नजर घड्याळाकडे असते. खांबांच्या माथ्यावर, कमानींच्या कडेला दगडात उमललेली पाने, फुले, पक्षी आणि प्राणी यांच्याकडे ती क्वचितच वळते. हे कोरीवकाम करणाऱ्या हातांमध्ये चित्रशाळेतील विद्यार्थ्यांचे हात होते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. ज्या वर्षी तिचे काम सुरू झाले, त्याच वर्षी दौंड-मनमाड रेल्वेमार्ग खुला झाला आणि दौंडचे ‘जंक्शन’ झाले. इमारतीवरील अलंकरणासाठी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षक आणि विद्यार्थी राबले. आज ती वास्तू जागतिक वारसा म्हणून ओळखली जाते. तिच्यावरची अमुक वेल कोणाची आणि तमुक पक्षी कोणाचा, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. काम सगळ्यांचे होते आणि ते सगळ्यांचेच राहिले.

विशेष म्हणजे हे कलाविद्यालय उभे राहिले ते एका व्यापाऱ्याच्या देणगीतून. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. ज्या काळात एक लाख ही रक्कम सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडची होती, त्या काळात समुद्रापार व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाला चित्रकलेच्या शिक्षणात पैसा घालावासा वाटला. व्यापारी घरांत आजही अधूनमधून निघणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर या घटनेत सापडते. तो प्रश्न असा : चित्रे काढून मुलाच्या हाती काय लागणार?

अजिंठ्याची तेरा वर्षे

वर्गाने मिळून मोठे चित्र करण्याची महाराष्ट्रातील सर्वांत लक्षणीय कहाणी अजिंठ्याची आहे. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती करण्यास आरंभ केला. मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले. पुढे नामवंत झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे या विद्यार्थ्यांपैकी एक. अंधाऱ्या लेण्यांत जेमतेम उजेड, वटवाघळांचा उपद्रव आणि मुक्कामाची गैरसोय, अशा परिस्थितीत हे तरुण शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकारांची एकेक रेषा वाचत राहिले.

ती रेषा वाचताना त्यांच्या हाती मोठे शिक्षण आले. अजिंठ्याची भिंत म्हणजे दगडावर मातीचा गिलावा. त्या मातीत वनस्पतींचे तंतू आणि साळीचा कोंडा मिसळलेला, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पिवळा आणि तांबडा रंग मातीतून मिळाला, काळा काजळीतून. पण निळा जवळपास कोठेच नव्हता. तो लाजवर्द नावाच्या दगडापासून बनत असे आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानच्या डोंगरांतून व्यापारी तांड्यांबरोबर येई. म्हणजे अजिंठ्याच्या निळाईतही चित्रकाराइतकाच व्यापाऱ्याचा वाटा आहे.

विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच जळून खाक झाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींचीही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत हीच गत झाली होती. ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर त्यांचे नाव झळकले. सोबतच्या विद्यार्थ्यांची नावे मात्र अभ्यासकांना शोधून काढावी लागतात.

या कहाणीला एक काळी किनारही आहे. चित्रे उठून दिसावीत म्हणून त्या काळात मूळ भित्तिचित्रांवर रोगण चढवले गेले. कालांतराने ते पिवळे पडले आणि चित्रांना त्याची बाधा झाली. हेतू चांगला होता, पण भिंतीचा स्वभाव पुरता कळलेला नव्हता. आज शाळेच्या भिंतीला रंग लावू पाहणाऱ्यानेही हा धडा लक्षात ठेवावा असा आहे.

प्रती जळाल्या, तरी त्या काढताना तयार झालेली दृष्टी टिकली. १९२० च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत जे. जे. स्कूलमध्ये भित्तिचित्रांचा स्वतंत्र वर्गच सुरू झाला. १९२४ मध्ये लंडनजवळच्या वेम्बली येथील प्रदर्शनासाठी या विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण दालन सजवले. त्याच दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतींवरही मुंबईच्या या विद्यार्थ्यांची चित्रे गेली. शांतिनिकेतनात १९४६-४७ मध्ये बिनोदबिहारी मुखर्जी यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र केले, तेव्हा त्यांच्या मदतीला विद्यार्थीच होते. बिनोदबिहारींची दृष्टी लहानपणापासून अधू होती आणि पुढे ती पूर्णपणे गेली. नीट न दिसणारा गुरू आणि त्याच्या सोबतीला विद्यार्थ्यांचे हात, अशा जुळणीतून भारतीय कलेतील एक थोर भित्तिचित्र उभे राहिले.

आपल्याच परंपरेतील गावचित्र

जैन समाजाला सामूहिक चित्र नवे नाही. वेरूळच्या जैन लेण्यांतील इंद्रसभेच्या छतावर रंगचित्रांचे अवशेष आजही दिसतात. तमिळनाडूतील सित्तन्नवासल येथील कमळांचे सरोवर तर भारतीय भित्तिचित्रांत मानाचे स्थान मिळवून आहे. जांभळाच्या झाडाभोवती जमलेल्या सहा माणसांचे लेश्यांचे चित्र अनेक घरांतील लहानांनी आजी-आजोबांच्या मांडीवर बसून समजून घेतलेले असते.

शाळेच्या भिंतीसाठी सर्वांत जवळचा नमुना मात्र विज्ञप्तिपत्राचा. आमच्या गावी चातुर्मासासाठी पधारावे, अशी विनंती एखाद्या गावचा संघ आचार्यांना करी आणि ती लांबच लांब सचित्र गुंडाळीच्या रूपाने पाठवली जाई. प्रारंभी अष्टमंगल आणि चौदा स्वप्ने, मग गावाचे रस्ते, मंदिरे, पेढ्या, दुकाने, वर्दळ आणि शेवटी विनंतीचा मजकूर. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणकाळात जीवहत्या थांबवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे.

या पत्रांत व्यापाऱ्यांनी स्वतःचे गाव पाहुण्याला दाखवले आहे. कापडवाला, मिठाईवाला, सराफ, पाणी भरणारी बाई, रस्त्यावरचा बैल, सगळे आपापल्या जागी आहेत. शाळेतील मुलांनी आपल्या गावाचे असेच एक विज्ञप्तिपत्र वर्गाच्या भिंतीवर उलगडले, तर नव्या उपक्रमालाही जुन्या परंपरेचा आधार मिळेल.

शिरूरच्या आणि दौंडच्या भिंतीवर काय असावे?

अलीकडे अनेक शाळांत ‘बोलक्या भिंती’ दिसतात. पाढे, बाराखडी, नकाशे आणि कार्टूनमधील पात्रे. बहुतेक ठिकाणी हे काम ठेकेदाराचा पेंटर करतो आणि मुले तयार भिंतीसमोर बसतात. भिंत बोलते खरी, पण मुलांच्या वाट्याला नुसते ऐकणेच येते. शिरूरमध्ये आणि नाशिकमध्ये, दौंडमध्ये आणि धुळ्यामध्ये तेच पात्र, तेच ढग आणि तोच हसरा सूर्य.

शिरूरच्या मुलांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गावाचे जुने नाव घोडनदी आणि नदीही घोड. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची वर्दळ, आडतीवर उतरणारी कांद्याची पोती, ज्वारी-बाजरीच्या राशी, सराफी पेढीवरचा तराजू, दिवाळीतील वहीपूजन. तालुक्यात रांजणगावचा महागणपती आहे, त्याच रांजणगावात औद्योगिक वसाहतीचा भोंगाही आहे. मोराची चिंचोली गावात घरांच्या अंगणापर्यंत येणारे मोर आहेत.

दौंडच्या मुलांजवळ भीमा आहे, पलीकडच्या तीरावरील सिद्धटेक आहे, उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा धूर आहे. आणि अर्थातच रेल्वे आहे. दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या जेथे वेगळ्या होतात त्या गावातील मुलाने रुळांचा फाटा काढला, तर त्यात त्याचे सगळे गाव येते.

हे विषय शिक्षकाने फळ्यावर लिहून द्यायचे नाहीत. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांमध्ये ‘स्मरणचित्र’ हा विषय असतोच. प्रत्येक मुलाने सकाळी घरातून शाळेत येईपर्यंत काय पाहिले, ते आठवून कागदावर काढावे. चाळीस कागद जमिनीवर मांडले, की गाव आपोआप दिसू लागते. कोणाच्या कागदावर आजोबांची गादी आणि लोड असतो, कोणाच्या कागदावर ऊसतोडणीची बैलगाडी, तर एखाद्या कागदावर बंद पडलेले दुकान. ते बंद दुकानही भिंतीवर यावे. मूल जे पाहते ते सारे गोड असतेच असे नाही.

चौकडीचा हिशेब

व्यापारी घरातील मुलांना या कामातील गणित विशेष भावावे. समजा, भिंत २० फूट लांब आणि ६ फूट उंच आहे. आधी २० इंच लांब आणि ६ इंच रुंद कागदावर संपूर्ण आराखडा काढायचा आणि त्यावर एक-एक इंचाच्या चौकटी आखायच्या. भिंतीवर तशाच एक-एक फुटाच्या चौकटी आखल्या, की दोन्हीकडे १२० घरे होतात. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला तीन घरे येतात. कागदावरच्या घरात जी रेषा जेथून शिरते आणि जेथून बाहेर पडते, ती भिंतीवरच्या घरातही तेथूनच जायला हवी. लहान चित्र मोठे करण्याची ही जुनी पद्धत आहे आणि प्रमाण-गुणोत्तराचा यापेक्षा चांगला पाठ शोधून सापडणार नाही.

भिंतीची निवड आधी करावी. पश्चिमेच्या उन्हाची आणि पावसाच्या माऱ्याची भिंत टाळावी. ओल असेल तर ती मुळापासून दुरुस्त केल्याशिवाय कुंचला उचलू नये. ओलीवर रंग चढवणे म्हणजे बुडीत खात्यावर पुन्हा उधारी देणे. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर तो चांगला महिनाभर सुकू द्यावा. मग घासकाम, प्रायमर आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात. आराखडा कोळशाने किंवा फिकट खडूने काढावा, म्हणजे चूक पुसता येते. रंग पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक इमल्शन घेतले, तर उग्र वास राहत नाही आणि मुलांचे हात साध्या पाण्याने स्वच्छ होतात.

साधनांची निवड करताना जैन कुटुंबांनी एक गोष्ट अवश्य पारखावी. चित्रकारांमध्ये एकेकाळी मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांना मोठी मागणी होती. ते केस मुंगसे मारून मिळवले जातात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने या व्यापारावर बंदी आहे. नायलॉनचे कुंचले भिंतीच्या कामाला पुरेपूर पुरतात. भिंत झाडताना कोळी, पाली, मुंग्या यांच्याबाबत जयणा राखावी, कुंचले धुतलेले रंगीत पाणी नदी-ओढ्यात जाऊ देऊ नये. भिंतीवर मोर काढणाऱ्या मुलाच्या हातातील कुंचलाही निर्दोष असावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

रंगांचे डबे, कुंचले, चुना, शिडीचे भाडे यांचा रोजमेळ मुलांनीच ठेवावा. ज्याच्या हातात चित्र नाही पण हिशेब आहे, अशा मुलाचीही या भिंतीला तेवढीच गरज असते.

खरी परीक्षा

रेषा एका घरातून शेजारच्या घरात जाते, तेथे या कामाची खरी परीक्षा होते. एका मुलाने काढलेला नदीचा काठ दुसऱ्याच्या चौकटीत दोन बोटे खाली येतो. आता कोणी बदलायचे? वर्गात चांगले चित्र काढणारी दोन-तीन मुले असतातच. त्यांना वाटते, सगळे आपल्याकडे द्यावे म्हणजे चित्र नीटनेटके होईल. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हटल्यावर शिक्षकालाही तोच मोह होतो. संध्याकाळी मुले घरी गेल्यावर एखाद्या कच्च्या हाताने काढलेला बैल हळूच पुसून नवा काढला जातो. सकाळी ते मूल भिंतीसमोर येते, आपला बैल शोधते आणि काही बोलत नाही. पुढे कदाचित ते कधीच चित्र काढत नाही.

भित्तिचित्र सामूहिक आहे की नाही, ते त्या बैलावरून ठरते. याचा अर्थ सगळ्यांनी सगळे काम सारखे करावे असा नव्हे. पेढीवरही सगळे भागीदार एकच काम करीत नाहीत. ज्याची रेषा पक्की आहे त्याने बाह्यरेषा सांभाळाव्यात, ज्याला रंगाची जाण आहे त्याने छटा कालवाव्यात, ज्याचे अक्षर चांगले त्याने अक्षरे घ्यावीत, सपाट रंग भरणे तर सर्वांनाच जमते. बैल चुकला असेल तर ज्याने काढला त्याच्याबरोबर उभे राहून, त्याच्याच हातून तो दुरुस्त व्हावा. दिवसाच्या अखेरीस पंधरा मिनिटे सर्वांनी दहा पावले मागे जाऊन संपूर्ण भिंत पाहावी आणि उद्या काय बदलायचे ते ठरवावे. जवळून आपले घर दिसते, लांबून गाव दिसते.

ठाणे-पालघरच्या वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या सुवासिनी हेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. एकीची रेषा दुसरी पुढे नेते, सोबत गाणे चालते आणि चौक कोणा एकीचा नसतो.

पालकांचा आक्षेप वेळेचा असतो. नववी-दहावीच्या वर्षात भिंत रंगवायला वेळ कोठला? म्हणून हे काम सातवी-आठवीत, दिवाळीच्या सुटीनंतरच्या कोरड्या हवेत घ्यावे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, हे पालकांना माहीत असते आणि अनेकांसाठी चित्रकलेचे प्रयोजन तेथेच संपते. पण उद्या दुकानात बसणाऱ्या मुलाला भावांबरोबर, चुलत्यांबरोबर, नोकरांबरोबर आणि गिऱ्हाइकांबरोबर आयुष्य काढायचे असते. आपली रेषा कोठे थांबवायची आणि दुसऱ्याची कोठून उचलायची, हे ज्याला तेराव्या वर्षी कळले, त्याला पुढे भागीदारीचा करारनामा वाचताना निराळे काही शिकावे लागत नाही.

भिंतीवर नाव कोणाचे?

रंगाचा खर्च अनेकदा एखादे व्यापारी कुटुंब उचलते. शाळांना इमारती, पाण्याच्या टाक्या, वाचनालये देणारी कुटुंबे शिरूर-दौंडमध्ये आहेत आणि दात्याच्या नावाची फरशी बसवण्याची रीतही आहे. मग या भिंतीच्या कोपऱ्यात कोणाचे नाव असावे?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. तेथेच धेनुकाकट येथील सिंहदत्त या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाचा लेख आहे. आणि त्याबरोबरच, ते प्रवेशद्वार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचाही लेख आहे. ज्याने धन दिले त्याचे नाव राहिले, ज्याने हात दिले त्याचेही राहिले.

शाळेच्या भिंतीवर चाळीस नावे लिहायला हातभर जागा पुरते. नावे गुणांच्या क्रमाने नव्हे, हजेरीच्या क्रमाने लिहावीत. रंग देणाऱ्या कुटुंबाचे नाव त्याच अक्षरात, त्याच आकारात, त्याच ओळीत यावे. ज्याने फक्त शिडी धरली त्याचेही यावे.

आठ-दहा वर्षांत रंग फिका पडेल. एखाद्या दिवाळीत शाळेला नवा रंग द्यायचा ठरेल आणि भिंत पांढरी होईल. अजिंठ्याच्या प्रती जळाल्या, तेथे शाळेच्या भिंतीची काय कथा! पण तोवर त्या चाळिसांतील कोणी पेढीवर बसलेला असेल, कोणी शिक्षिका झालेली असेल, कोणी रांजणगावच्या कारखान्यात असेल. त्यांतील एखादा दौंडहून गाडीत बसून मुंबईला खरेदीसाठी जाईल, टर्मिनसवर उतरेल आणि घाईतही क्षणभर थांबून खांबाच्या माथ्यावरच्या दगडी पानाकडे पाहील. ते पान कोणी कोरले हे त्याला ठाऊक नसेल. पण शेजारच्या पानाशी ते जुळवून घेताना त्या हाताला काय करावे लागले असेल, हे त्याला नेमके ठाऊक असेल.